दोन्ही बाजूंनी लिहिलेली वही

पणजोबांची वही दोन्ही बाजूंनी लिहिलेली आहे.
इकडून उघडली की औषधं:
कुड्याची साल, किराइतं, हाडसांधीचा वेल,
कुठल्या नक्षत्रावर तोडायचा, किती उगाळायचा,
विंचू, कावीळ, अडलेली बाळंतीण.
उलटी करून तिकडून उघडली की येणी.

मोडी अक्षर सुरेख. शाई अजून काळी.
औषधांच्या बाजूला, सतराव्या पानावर:
“मोडल्या हाडाचा लेप. एका वेळपाकडून कळला.
मोबदला नाचणी एक पायली.”

एका वेळपाकडून.
नाव विसरले असतील, मी म्हणायचे. माणूस विसरतो.
चावडीवरच्या दवाखान्यातल्या बाटल्यांवर
मीही छापून घेतलं: घराण्याचं औषध.

मग दिवाळीनंतर, कसर लागली म्हणून
वही उन्हात घातली
आणि वाऱ्याने ती उलटी उघडली.
“बुदगो वेळीप. रुपये दोन, तांगे चार.
डोंगरावरची कुमेर गहाण.”
खाली अंगठा.
तारीख तीच.

म्हणजे नाव ठाऊक होतं.
जिथे घ्यायचं होतं तिथे लिहिलं,
जिथे मानायचं होतं तिथे नाही.

लहानपणी आम्हाला सांगत, परशुरामाने बाण मारला,
समुद्र मागे सरला,
आणि रिकामी भुई आमच्या लोकांना मिळाली.
रिकामी.
त्याच तोंडाने आम्ही सातेरीच्या वारुळाला गाऱ्हाणं घालायचो.
समुद्रातून नुकत्याच निघालेल्या भुईवर
पुरुषभर वारूळ आधीच कसं,
त्याच्यावर पहिलं फूल कोणाचं,
हे विचारायचं कोणाला सुचलं नाही.
देऊळ आम्ही बांधलं, हे खरं.
वारुळाच्या भोवती.

खोतीगावच्या पुढे रस्ता संपतो तिथे
आवडू वेळीप राहते, बुदगोची नात.
अंगणात ती एका पोराचा हात बांधत होती,
बांबूच्या कामट्या, जुन्या लुगड्याची पट्टी.
पोर रडत होतं. मी थांबले.
डॉक्टर असून थांबायचं मला जड गेलं, तेही सांगते.

वही वाचून दाखवली, आधी ही बाजू, मग ती.
माफी मागायला ओठ उघडले
तर तिने हातानेच गप्प केलं. लेपाचं पान परत वाचायला लावलं.
ऐकता ऐकता हसली, दात नसलेलं, पोटातून.
“म्हज्या आज्यान एक मूळ सांगूंक ना तुमकां.”
एक मूळ सांगितलंच नाही.
चार पिढ्या आम्ही अर्धं औषध विकलं.

कुठलं मूळ?
प्रश्न जिभेच्या टोकापर्यंत आला.
सतरावं पान त्याच प्रश्नाने सुरू झालं असणार.
गिळला.
तिने पेज वाढली. खाल्ली. भांडं मी विसळलं,
ती नको म्हणाली नाही.

आता लेपाच्या बाटल्या काढून टाकल्यात.
हाड मोडून कोणी आलं की फोटो काढते,
प्लास्टरचं असेल ते मडगावला पाठवते,
बाकीच्यांना म्हणते, खोतीगावची बस साडेदहाला,
शेवटच्या थांब्यावर आवडूबाय विचारा,
आणि रिकाम्या हाताने जाऊ नका.

भाऊ म्हणतो, औषधाचं ठीक आहे,
डोंगराचं कशाला उकरतेस?
काजू आपल्या नावावर आहेत, पोर्तुगिजांचा शिक्का आहे.
शिक्का आहे. अंगठाही आहे.
दोन्हींची नक्कल मी मामलेदाराकडे दिली, माझ्या हिश्श्यापुरती.
माझा हिस्सा सहावा. काही फार नाही.
आवडू म्हणाली, तितल्यान कितें जातलें?
आणि पुढच्या तारखेला, दोन बस बदलून,
माझ्या आधी येऊन बाकावर बसली होती.

वहीत सतराव्या पानावर मी नाव लिहिलं.
मोडी मला येत नाही,
बाळबोध अक्षर त्या ओळीत परकं दिसतं.
दिसू दे.